मे महिन्यातला कला महोत्सव: रात्री दहापासून उलटं मोजत या

दरवर्षी एप्रिलच्या शेवटी कुठल्या ना कुठल्या गावातून फोन येतो. "महोत्सव ठरलाय, पाहुणे ठरलेत, पत्रिका छापून झाल्यात. फक्त मांडव आणि साउंडचं बघायचंय." हे 'फक्त' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मंडळी आधी कलाकार ठरवतात, मग पत्रिका छापतात, मग मैदान शोधतात. दहाला माइक बंद करायचा असतो हे त्यांना पोलीस मैदानात आल्यावर कळतं, आणि तोवर नाटकाचा दुसरा अंक नुकता सुरू झालेला असतो.

म्हणून हा सगळा क्रम लिहून ठेवतोय. समोर धरलाय तो तालुक्याच्या गावातला, उघड्या मैदानावरचा, तीन संध्याकाळचा महोत्सव. एक नाटक, एक गाण्याची मैफल, एक लोककलेचा कार्यक्रम, सकाळी मुलांच्या कार्यशाळा आणि शेजारी चित्रप्रदर्शन. प्रेक्षक पाचशे-सहाशे. आमचं गाव कृष्णाकाठचं, मेमध्ये वळीव हमखास गाठणारं. विदर्भात असाल तर उन्हाचा भाग दुप्पट गंभीरपणे घ्या, कोकणात असाल तर घामाचा.

१. तारीख: आधी पंचांग, मग कॅलेंडर
(तीन महिने आधी)

मे म्हणजे लग्नसराई. दाट मुहूर्ताच्या दिवशी मांडववाला, साउंडवाला, जनरेटर, खुर्च्या, आचारी, फुलवाला यातलं कुणीही तुमचं नसतं. आलेच तर दुप्पट भावाने येतात आणि रात्री अकराला "उद्या सकाळी हळद आहे" म्हणत तुमच्या डोक्यावरचा मांडव सोडायला लागतात. पंचांग घ्या आणि मुहूर्त नसलेले सलग तीन दिवस शोधा. ते शुक्रवार-शनिवार-रविवार आले नाहीत तरी चालेल, शाळांना सुट्ट्याच असतात.

अधिक महिना आला तर मांडववाले मोकळे मिळतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे. पण या मोहात महिनाअखेर गाठू नका. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत येऊन ठेपला होता. माझं ऐकाल तर २० मेच्या पुढे उघड्यावर काहीही ठेवू नका.

तपासा: गावची जत्रा, शेजारच्या गावची जत्रा, निवडणुकीची आचारसंहिता, आयपीएलचा अंतिम सामना. शेवटच्या गोष्टीला हसू नका. आम्ही हसलो होतो, आणि समोर चाळीस माणसं होती.

२. घड्याळ: कलाकाराला फोन करण्याआधी

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते ती वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि ते दिवस गणपती, नवरात्र यांच्या वाट्याला जातात. तुमच्या महोत्सवासाठी त्यातला एखादा दिवस निघेल या आशेवर राहू नका.

तेव्हा कागदाच्या तळाशी '१०.०० माइक बंद' असं लिहा आणि तिथून वर चढत या. दोन अंकी नाटक मध्यंतरासह सव्वादोन तास धरा. पंधरा मिनिटं राखीव ठेवा, ती लागतातच. म्हणजे तिसरी घंटा साडेसातला.

आता आकाशाकडे बघा. मेमध्ये आपल्याकडे सूर्य साधारण सातला मावळतो आणि सव्वासात-साडेसातपर्यंत उजेड रेंगाळतो. अंधार नसेल तर प्रकाशयोजनेला काही अर्थ राहत नाही. म्हणजे साडेसातच्या आधी नाटक सुरू करता येत नाही आणि नंतर सुरू केलं तर संपत नाही. सगळ्या संध्याकाळीला एवढीच एक फट आहे, आणि नेमक्या तिच्यात आपण उद्घाटन कोंबतो: दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सात सत्कार, अध्यक्षीय मनोगत.

यावर आम्हाला सापडलेला तोडगा असा. उद्घाटन रंगमंचावर करायचंच नाही. सहा वाजता चित्रप्रदर्शनाच्या दारात समई लावायची, तिथेच उभ्या उभ्या दोन भाषणं, तिथेच शाल-श्रीफळ. उभं राहून बोलणारा माणूस आपोआप आटोपतं घेतो. मुख्य म्हणजे रंगमंचावर लागलेलं नेपथ्य कुणाला हलवावं लागत नाही. पहिल्या वर्षी पुढाऱ्यांना हे जरा लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनाच बरं वाटलं, कारण साडेसातला ते घरी जाऊ शकले.

तपासा: वेळापत्रकात आभारप्रदर्शनाला जागा कुठे आहे? शेवटी असेल तर ते दहा वाजून पाच मिनिटांनी, माइकशिवाय होणार. मध्यंतरात करा.

३. कुठल्या दिवशी काय

नाटक पहिल्या दिवशी ठेवा. कारण साधं आहे. उघड्यावर दिवे फोकस करायचे तर अंधार लागतो, दुपारी चारला ते होत नाहीत. नाटक पहिल्या दिवशी असेल तर आदल्या रात्री मैदान रिकामं असतं. आठनंतर दिवे, नेपथ्य, प्रवेश-एक्झिट सगळं निवांत लावता येतं. मंडळींचा एक मुक्काम वाढतो, तो खर्च आधीच धरा.

मैफल दुसऱ्या दिवशी. लोककला शेवटच्या दिवशी, कारण तिला दिव्यांची नजाकत लागत नाही आणि लोक उभे राहूनही बघतात. मात्र रंगात आलेला शाहीर किंवा गोंधळी घड्याळ पाहत नाही. पावणेदहाला विंगेतून कोण, कसली खूण करणार हे त्यांच्या झीलकऱ्याशी (मागे सूर धरणाऱ्या साथीदाराशी) आधी ठरवा. शाहिराशी ठरवून उपयोग नाही, त्याची नजर तुमच्याकडे येणारच नाही.

४. मैदान आणि तोंड

रंगमंच पश्चिमेला बांधला तर साडेसहापर्यंत प्रेक्षकांच्या डोळ्यात ऊन. पूर्वेला बांधला तर तेच ऊन कलाकारांच्या डोळ्यात आणि हार्मोनियमच्या लाकडावर. मेमध्ये सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेकडे मावळतो. म्हणून रंगमंच दक्षिणेला घ्या, प्रेक्षकांची तोंडं दक्षिणेकडे येतील. ही गोष्ट मैदानात सहा वाजता उभं राहून ठरवा. नकाशावर सगळं सोपं दिसतं.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी बघा. ट्रक रंगमंचाच्या मागे लागतो का? आणि पाऊस आला तर साहित्य उचलून पाच मिनिटांत जाईल असं पक्कं छप्पर किती पावलांवर आहे? शाळेचे दोन वर्ग आणि व्हरांडा पुरतो.

सावध: रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. आपलं मैदान त्यात येतं का, हे पोलीस ठाण्यात पहिल्याच भेटीत विचारा.

५. कागद
(दोन महिने आधी)

मैदानाच्या मालकाचं पत्र, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची परवानगी, पोलीस ठाण्यातून ध्वनिक्षेपकाची आणि कार्यक्रमाची परवानगी, महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज, अग्निशमनाचा ना हरकत दाखला. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. "साहेबांशी बोलणं झालंय" ही पोच नव्हे. साहेबांची बदली होते.

नाटकवाल्यांकडून दोन कागद मागून घ्या: रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि लेखकाच्या परवानगीचं पत्र. हौशी मंडळी दुसरा कागद हमखास विसरतात. मध्यंतरात ध्वनिमुद्रित गाणी लावणार असाल तर त्यांचा परवाना वेगळा असतो. आम्ही मध्यंतरात गाणी लावणंच सोडलं. लोक एकमेकांशी बोलतात, चहा पितात, काही बिघडत नाही.

आता पत्रिका छापायला हरकत नाही. याआधी नाही.

६. कलाकारांशी काय बोलायचं

मानधनाचा आकडा सगळेच बोलतात. राहून जातं ते बाकीचं, म्हणून एका पानावर लिहून पाठवा आणि उत्तरात 'मान्य' असं लिहून घ्या:
- माणसं किती, त्यात बायका किती (रंगपट, म्हणजे कपडे-रंगभूषेची खोली, वेगळी लागते)
- गाडी कुणाची, डिझेल-टोल कुणाचा
- जेवण कधी. नाटकवाले प्रयोगानंतर जेवतात, आणि रात्री साडेदहाला गावातली खानावळ बंद असते
- मानधन कधी, कसं, टीडीएस कापून की न कापता (आधी सीएला विचारा)
- पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर किती द्यायचं

शेवटचा मुद्दा अवघडल्यासारखा वाटतो, पण तो मार्चमध्ये काढा. पाऊस पडत असताना, भिजलेल्या तबलजीसमोर उभं राहून त्यावर बोलणी करणं फार वाईट.

७. मांडव आणि वळीव

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या प्रेक्षकांवर पांढऱ्या कापडाचं छत टाकलं. दिसायला सुरेख. दुसऱ्या दिवशी साडेचारला पश्चिमेकडून काळं आलं, आधी धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब. वीस मिनिटांत पाऊस थांबला आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. वर बघितलं तर छताला म्हशीच्या पोटाएवढे पाण्याचे फुगे लोंबत होते. एका उत्साही कार्यकर्त्याने बांबूने एक फुगा खालून टोचला. बरोबर खाली हार्मोनियम होती.

तेव्हापासून नियम एकच: संध्याकाळच्या कार्यक्रमात प्रेक्षकांवर छत नको. सातनंतर ऊन नसतं, आणि ते कापड पावसापासून वाचवतही नाही. छत फक्त रंगमंचावर, साउंडच्या टेबलावर आणि रंगपटावर. तेही पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं, मागच्या बाजूला स्पष्ट उतार देऊन. मांडववाला म्हणेल "सरळच छान दिसतं". उतार घ्याच.

रंगमंचामागचा मोठा फ्लेक्स म्हणजे गलबताचं शीड. वाऱ्याने तो फाटला तर नशीब, नाही फाटला तर अख्खा सांगाडा घेऊन पडतो. त्याला जागोजागी अर्धगोल चिरे द्या म्हणजे वारा आरपार जाईल. किंवा फ्लेक्सच लावू नका. काळा पडदा लावा, तो खाली न बांधता नुसता वजन देऊन सोडा. प्रायोजकाचं नाव प्रवेशद्वारावर जास्त लोक वाचतात.

वळवाची तयारी तीनला सुरू होते. एका माणसाला फक्त आकाश बघायचं काम द्या. त्याच्या फोनमध्ये विजांची सूचना देणारं 'दामिनी' ॲप असू दे आणि हातात शिट्टी. शिट्टी वाजली की कुणी काय उचलायचं हे नावानिशी ठरलेलं हवं: दोघं मिक्सर झाकतील, दोघं वाद्यं उचलतील, एक जण जनरेटरचा मेन स्विच पाडेल. विजा चमकत असतील तर लोकांना लोखंडी ट्रसपासून (दिवे टांगायच्या सांगाड्यापासून) आणि झाडांखालून बाजूला काढून शाळेत न्या.

तपासा: ही शिट्टी एकदा कोरड्या दिवशी, सगळ्यांसमोर वाजवून बघा. आमचं सगळं आवरायला पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागली, चौथ्या खेपेला चार.

८. वीज आणि आवाज

महावितरणच्या जोडणीवर भिस्त ठेवू नका, वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला ती जाते. कार्यक्रम जनरेटरवर, महावितरण राखीव. हिशोब असा: जुने हॅलोजनचे 'पार' दिवे (रंगमंचावरचे डब्यासारखे झोतदिवे) प्रत्येकी एक हजार वॅटचे, म्हणजे वीस दिवे वीस किलोवॅट. साउंड, पंखे, रंगपट, प्रदर्शन यांचे आणखी दहा-बारा धरा. साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर पुरतो. एलईडी दिवे असतील तर त्याहून लहानही चालतो.

दिव्यांचे डिमर आणि साउंड यांना वेगवेगळ्या फेजवर ठेवा. एकाच फेजवर आले की दिवा मंद होताना स्पीकरमधून घूं असा आवाज येतो, आणि तो बरोबर नाटकातल्या शांत प्रसंगात येतो.

मेमधली जमीन हाडासारखी कोरडी असते. नुसती सळई ठोकून अर्थिंग मिळत नाही. खड्डा घ्या, मीठ-पाणी घाला, रोज दुपारी पुन्हा पाणी घाला आणि वायरमनकडून तपासून घ्या. माइकला ओठ लागून झिणझिणी आलेली गायिका पुढच्या वर्षी येत नाही.

सावध: जनरेटर चालू असताना डिझेल भरू नका. साडेसहाला टाकी पूर्ण भरलेली आहे ना, हे ऑपरेटरच्या तोंडून न ऐकता झाकण उघडून बघा.

मैफलीच्या दिवशी वाद्यांची काळजी वेगळी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तबला राहिला तर पुडी ताणून फुटते. एसी खोलीत लावून आणलेला तानपुरा रंगमंचावरच्या गरम हवेत दहा मिनिटांत उतरतो. पाचला साउंड चेक करा, पण वाद्यं सुरात लावायला पावणेसात ते सव्वासात हा अर्धा तास रंगमंच मोकळा ठेवा. निवेदकाला तिथे 'हॅलो, चेक' करू देऊ नका. पंखे कलाकारांच्या पाठीमागून, खालून आणि माइकपासून लांब.

९. सकाळच्या कार्यशाळा आणि प्रदर्शन

मुलांच्या कार्यशाळा साडेसात ते साडेदहा. अकराला मुलं घरी पोचलेली हवीत. पालक म्हणतील नऊला सुरू करा, सुट्टी आहे, उठत नाहीत. ऐकू नका.

शाडूची माती या हवेत तासाभरात कडक होते, ओलं गोणपाट झाकून ठेवा. जलरंगाला कागद आधी ओला करून द्या, नाहीतर दुसरा फटकारा मारेपर्यंत पहिला वाळतो आणि मुलांना वाटतं आपलंच चुकतंय. प्रदर्शन मांडवात नको, शाळेच्या वर्गात. दुहेरी चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका, दुपारच्या उकाड्यात तिचा डिंक सुटतो आणि चारच्या सुमारास चित्रं एकेक करून खाली येतात. खिळा, दोरा, लाकडी चिमटे.

पाणी: संध्याकाळी माणशी अर्धा लिटर धरा. सहाशे माणसांना तीनशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंधरा जार. आम्ही पंचवीस ठेवतो. एखाद्याला भोवळ आली, अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध झालं, तर सरबत पाजत बसू नका. सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा आणि १०८ ला फोन करा.

१०. प्रत्यक्ष संध्याकाळ

५.३०: आकाशवाला सोडून सगळ्यांनी खाऊन घ्यायचं. उपाशी कार्यकर्ता साडेआठला भांडतो.

५.४५: समई. हिच्यावर थोडं जास्त लिहितो, कारण इथे मी प्रत्येक गावात तीच गंमत बघतो. पाहुण्यांच्या हातात काडी, शेजारी गरगरणारा पेडेस्टल पंखा, वाती कोरड्या. एक काडी, दोन काड्या, पाच काड्या. फोटोग्राफर "सर, इकडे" म्हणतो, तेवढ्यात लागलेली वातही विझते. तर वाती अर्धा तास आधी तेलात भिजवून ठेवा, प्रत्येकीच्या टोकाला कापराचा चुरा लावा, पंखा बंद करण्याचं काम एका माणसाला नावाने द्या. काडीऐवजी लांब मेणबत्ती, आणि ती पेटवायला लायटर स्वतःच्या खिशात.

६.००: प्रदर्शनाच्या दारात उद्घाटन. ६.३५ ला लोकांना खुर्च्यांकडे वळवायला सुरुवात.

७.००: रंगमंचावर आता फक्त कलाकार आणि बॅकस्टेज. पदाधिकाऱ्यांची लहान मुलं खाली.

७.१५: पहिली घंटा. पहिल्या दोन रांगांतल्या राखीव खुर्च्या ७.२५ ला मोकळ्या करा, कुणी येवो न येवो.

७.३०: तिसरी घंटा. पाहुणे वाटेत आहेत असा फोन आला तरी.

९.४५: विंगेतून खूण. १०.०० ला साउंडवाल्याने मास्टर (मिक्सरवरची सगळा आवाज एकदम कमी करणारी पट्टी) खाली ओढायचा. ही सूचना त्याला एकाच माणसाने द्यायची, आणि तो माणूस अध्यक्ष नसावा.

११. उतरवणी

मानधनाची पाकिटं प्रयोगाआधी तयार, मध्यंतरात रंगपटात द्यायची, सही घेऊन. रात्री अकराला खजिनदार कुठे गेला हे शोधत फिरणारा मॅनेजर मी दोनदा पाहिलाय. एकदा खजिनदार मीच होतो, झोपलेलो.

खुर्च्या रात्रीच मोजा, मांडववाल्याच्या माणसासमोर, दहा-दहाच्या थप्प्या लावून. सकाळी मोजल्या की नेहमी आठ-दहा कमी भरतात. हिशोब आठवड्यात फळ्यावर लावा, वर्गणीच्या पावती पुस्तकांची न वापरलेली पानंसुद्धा परत घ्या.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, चार जणांनी मैदानात रांगेने चालायचं. हातात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून, जमिनीलगत फिरवत. मांडवाचे खिळे, तारांचे तुकडे, टाचण्या. मागच्या वर्षी सव्वा डबा निघाला. साडेसातला त्याच मैदानावर पोरं अनवाणी क्रिकेट खेळायला येतात.